पिकअपची उचकी

आपल्या वसतिगृहातील ज्यांनी बाजारच्या दिवशी भाजीची पोती उतरवली आहेत, त्यांना ती जुनी डिझेल पिकअप आठवत असेल. तिच्या इंजिनाला उचकी लागत असे, हेही आठवत असेल. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिस मारते’: एखादा सिलिंडर आपली पाळी चुकवतो, गाडी हिसका देते आणि पुन्हा सुरळीत धावू लागते. दोष कायमचा असता तर लवकर सापडला असता. हा आठवडाभर दडून बसे आणि नेमका घाटात प्रकटे. एका रात्री विंचू चावलेल्या मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात नेताना चढावर गाडी दोनदा बंद पडली. मूल वाचले, परंतु गाडी भंगारात काढावी, असा विषय व्यवस्थापनापुढे आला. दुसरी घेण्याइतके पैसे संस्थेजवळ नव्हते.

आम्ही चौघे माजी विद्यार्थी तेव्हा आयटीआय पूर्ण करून निरनिराळ्या गॅरेजांत काम करीत होतो. दिवाळीत गाडी पाहण्याची परवानगी आम्ही अधीक्षक सरांकडे मागितली. त्यापूर्वी एका गॅरेजात फिल्टर आणि चारही नोझल बदलून झाले होते. नवा भाग बसवला की त्याचे बिल करता येते. चालकाशी घटकाभर बोलण्याचे बिल होत नाही, हे आम्ही त्या धंद्यात राहूनच सांगतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा शिरतो आणि पेट घेतो. इंजिन धीम्या गतीवर ठेवून आम्ही नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून किंचित ढिले केले. हात व चेहरा दूर ठेवूनच, कारण पंपाच्या दाबाचे डिझेल कातडीत शिरू शकते. चालत्या सिलिंडरचा नट ढिला करताच इंजिनाचा आवाज पडतो. चुकणाऱ्याचा केला तर फरक जाणवत नाही. येथे चारही वेळा आवाज पडला. कारण त्या घटकेला उचकी नव्हतीच.

मग आम्ही पाने बाजूला ठेवले आणि चालककाकांना एक वही दिली. “काका, उचकी लागली की किलोमीटर, चढ, ओझे आणि टाकीचा काटा एवढेच लिहा.” काका म्हणाले, “पोरांनो, मी गाडी हाकू की वही लिहू?” अखेर शेजारी बसणाऱ्या नववीच्या एका मुलाने लिहिण्याचे काम पत्करले. महिन्याभराने वही वाचली. ओझे कमीजास्त होते, रस्तेही वेगळे होते. काटा मात्र प्रत्येक नोंदीत पाव टाकीच्या खाली होता. संस्थेत डिझेल थोडेथोडेच भरले जाई. गॅरेजला जाताना मात्र काका आधी पंपावर टाकी भरून घेत. तेथे गाडी निर्दोष का ठरे, हे त्या दिवशी कळले.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्या भागात छिद्र असले तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. हवेचा बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पाइपात पुरेसा दाब तयार होत नाही आणि नोझल उघडत नाही. बुडबुडा ज्या सिलिंडरच्या वाट्याला येईल तो चुकतो. म्हणून दोषी सिलिंडर एकच असा नव्हता.

फिल्टरच्या आधी आम्ही पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. काटा खाली असताना तीत बुडबुडे पळताना दिसले. टाकीकडून येणारी रबरी नळी टाकीपाशी सोडवून डिझेलच्या कॅनमध्ये बुडवली, तेव्हा बुडबुडे थांबले. म्हणजे बाहेरच्या नळ्या शाबूत होत्या. उरला टाकीच्या आतील लोखंडी पाइप. तो काढून धुतला, एक तोंड बंद केले, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. पंक्चर शोधण्याची ही रीत वसतिगृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक होती, त्यामुळे बादलीभोवती गर्दी जमली. पाइपाच्या खालच्या टोकापासून वीतभर वर, गंजलेल्या जागी सुईच्या अग्राएवढे भोक होते. डिझेल त्याच्या खाली उतरले, किंवा चढावर एका बाजूला सरकले, की पाइप हवा ओढू लागे.

पाइपाला पितळी झाळ दिली, टाकी धुतली, नळ्यांतील हवा काढली. नंतर काटा मुद्दाम खाली येऊ देऊन काकांनी तांदळाची पोती भरलेली गाडी घाटात घातली. आम्ही मागे हौद्यात बसून इंजिनाकडे कान लावले होते. माथ्यापर्यंत एकही उचकी लागली नाही. व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत भंगाराचा विषय निघाला नाही.