भाड्याचे पैसे

सॅन अँटोनियोच्या सिटी कौन्सिलनं एप्रिल २०२५ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी एक लाख डॉलर मंजूर केले. एवढ्या मोठ्या शहराला ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. तरी दुसऱ्याच दिवशी टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन कोर्टात गेले. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बायकांच्या प्रवासासाठी, मुक्कामासाठी हे पैसे होते ना!

गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या, जून २०२२ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथं टेक्सासमध्ये गर्भपात जवळजवळ बंदच आहे. बलात्कार झालेल्या मुलीलाही सूट नाही. मग गाठायचं न्यू मेक्सिको. तिथलं अल्बुकर्की इथून हजार किलोमीटरच्या पुढं, म्हणजे माजलगाव ते मुंबईच्या दुपटीहून लांब. जाणं गुन्हा नाही. पण १ सप्टेंबर २०२५ पासून ‘सिनेट बिल ३३’ लागू झालं आणि शहरांना, काउंट्यांना अशा प्रवासासाठी सरकारी पैसा देण्याची मनाई झाली. ज्याच्याकडं गाडी, पगारी रजा आणि क्रेडिट कार्ड आहे त्याच्या घराला या कायद्याची झळ लागत नाही. आपल्याकडं योजना राबवायची नसली की ‘निधी नाही’ म्हणतात. इथं निधी नसावा यासाठीच कायदा केला.

आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास येतो : “माझ्या टॅक्समधून का?” प्रश्न खोटा नाही. १९७६ च्या हाइड दुरुस्तीपासून केंद्राचा पैसाही याच कारणानं बहुतेक अडवलेला आहे. पण याच टेक्सासनं २०२३ मध्ये, गर्भपात करू नका असं समजावणाऱ्या संस्थांच्या कार्यक्रमाला दोन वर्षांसाठी १४ कोटी डॉलर दिले. तो टॅक्स माझाही होता. मला कुणी विचारलं नाही.

पैसा अडवणारा हा हात आपल्यापर्यंतही पोचतो. कुटुंबनियोजनाचं काम करणारा जागतिक महासंघ १९५२ मध्ये मुंबईतच स्थापन झाला. १९८४ मध्ये रेगन सरकारनं धोरण आणलं, की गर्भपाताचा नुसता सल्ला देणाऱ्या परदेशी संस्थेलाही कुटुंबनियोजनासाठी अमेरिकी मदत नाही. महासंघानं अट नाकारली आणि मदत गमावली. रिपब्लिकन अध्यक्ष आला की हे धोरण येतं, डेमोक्रॅट आला की जातं. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा आलं.

भारतात १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे, हे मी इथं जरा तोऱ्यातच सांगते. मग कुणीतरी मुलींचं विचारतं आणि बीडकर म्हणून मान खाली जाते. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली. २०१२ मध्ये परळीचं बेकायदा लिंगनिदान-गर्भपाताचं प्रकरण देशभर गाजलं. धडक कारवाई हवीच होती. पण लिंगनिदान हा गुन्हा आणि गर्भपात हा कायदेशीर उपचार, हा फरक त्या धामधुमीत पुसला गेला. राज्यभर कितीतरी औषध दुकानांनी तपासणीच्या धास्तीनं गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. नको ती भानगड!

त्यात ऊसतोडीची बाई. उचल घेतलेली, कोयता नवरा-बायकोचा जोडीनं लागलेला, एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापणार. टेक्सासच्या बाईचं भाडं कायद्यानं अडवलं. हिच्या पाठीशी कायदा उभा आहे, पण फडातून दवाखान्यापर्यंत तिला कोण सोडणार? मला दोघींची अडचण एकच वाटते, आणि ती पैशाची आहे.

म्हणून गावाकडच्या वाचकांना, विशेषतः आशाताईंना एक विनंती. टोळ्या कारखान्यावर निघण्याआधी बायकांना एवढं सांगा : अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते, आणि सरकारी दवाखान्यात ही सेवा मोफत आहे. माजलगावच्या ग्रामीण रुग्णालयात ती कोणत्या वारी मिळते, तेही विचारून ठेवा.