पुन्हा असे होणार नाही

आमचे कॉलेज पार्ल्याला, विमानतळापासून इतके जवळ आहे की, माझ्या तासाला व्याकरणातल्या विरामचिन्हांपेक्षा विमानांनी पाडलेले विरामच अधिक असतात. विमान डोक्यावरून जाऊ लागले की मी खडू हातात धरून मुकाट उभा राहतो. मुले तेवढ्यात आपापल्या गप्पा उरकून घेतात. आणि आवाज ओसरला की अर्धे राहिलेले वाक्य मी जिथल्या तिथून पुढे सुरू करतो. वीस वर्षांत ही सवय अशी अंगवळणी पडली आहे की, घरीसुद्धा मी बोलता बोलता मध्येच थांबतो, आणि पत्नी छताकडे पाहते.

अशा त्या गडगडाटातही गाढ झोपणारा एक विद्यार्थी मागे मला लाभला. सकाळी सात वीसचा तास, शेवटचा बाक, आणि भिंतीला टेकलेले डोके. मराठीच्या प्राध्यापकाला टोमणे मारण्याचा जोडधंदा असतोच. एके दिवशी मी म्हणालो, "कुंभकर्ण महाराज, लंकेत युद्ध सुरू झाले आहे!" वर्ग हसला. तो धडपडत उठला, "सॉरी सर" म्हणाला, आणि उभाच राहिला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

तास संपल्यावर मी त्याला गाठले. म्हणाला, "रात्री एअरपोर्टला असतो, सर. लोडर."

विमानात मी पाच-सहा वेळा बसलो असेन. पण माझी बॅग विमानाच्या पोटात जाते कशी, याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. ती आपोआप जात असावी, अशीच माझी समजूत. त्याने सांगितले ते असे : लहान विमानाच्या होल्डमध्ये उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून चालत्या पट्ट्यावरून आलेली एकेक बॅग ओढायची आणि आत रचत जायची. मे महिन्यात आत भट्टी होते. बदली माणूस आला नाही, तर मुकादम म्हणतो, "डबल मार". आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पाळी मिळेलच असे नाही. त्या दिवशी तो डबल मारून थेट वर्गात आला होता.

मला एकदम माझाच एक विनोद आठवला. 2021 च्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावरचा एक लोडर सामान भरता भरता बॅगांच्या आड झोपी गेला. दार बंद झाले, विमान उडाले, आणि त्याला जाग आली ती विमान जमीन सोडताना. गृहस्थ अबुधाबीला उतरले! तिथे त्याची वैद्यकीय तपासणी झाली, आणि मग त्याच विमानातून त्याला प्रवासी म्हणून परत पाठवण्यात आले. ही बातमी मी वर्गात रंगवून सांगितली होती : "बिनतिकिटाची परदेशवारी!" अशीच झोप 2015 साली सिअ‍ॅटलच्या एका लोडरला लागली होती; तो आतून ठोकत राहिला आणि विमान माघारी वळवावे लागले. या माणसांना इतकी झोप का येते, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर तात्या राहतात. हयात विमानतळावर काढलेले, आणि युनियनमध्ये मुरलेले. निवृत्तीनंतर लोक अध्यात्माकडे वळतात. तात्या विमान-अपघातांच्या अहवालांकडे वळले. मी त्यांना या मुलाची हकिकत सांगितली.

"मास्तर," ते म्हणाले, "बैलगाडी कधी भरलीत?"

भरली नव्हती, पण लहानपणी गावी भरताना पाहिली होती. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैल गळ्याने लोंबकळू लागतात. विमानाचेही तसेच. 7 ऑगस्ट 1997 ला मायामीहून कापडाचा माल घेऊन निघालेले एक मालवाहू विमान असेच उलाळ झाले. भार जिथे असायला हवा होता, त्याच्या मागे होता. उडताक्षणी त्याचे नाक वर गेले ते खाली आलेच नाही. आतले चौघे आणि जमिनीवरचा एक, असे पाच जण गेले.

"आणि बग्राम," तात्या म्हणाले. अफगाणिस्तानातल्या त्या तळावरून 29 एप्रिल 2013 ला पाच चिलखती गाड्या घेऊन एक जम्बो विमान उडाले. त्या नीट जखडलेल्या नव्हत्या. निदान एक तरी सुटून मागे गेली आणि तिने विमानाची शेपटीकडची यंत्रणाच मोडली. सात जण मेले. अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने 2015 मध्ये ज्या शिफारशी केल्या, त्यांतली एक तात्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली आहे : असा विशेष माल चढवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना तर असावाच, पण त्यांच्या कामाच्या तासांना आणि विश्रांतीलाही नियम असावेत. "वैमानिकाची झोप सरकार मोजतं," तात्या म्हणाले. "2025 मध्ये आपल्याकडे त्यांची आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीसवर नेली. त्यासाठी त्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. तुमच्या पोराच्या मागे कोण आहे?"

त्याच्या मागे कोण आहे, ते पुढच्याच महिन्यात कळले. मीच होतो!

एका पहाटे सामानाचा पट्टा लावताना ती गाडी विमानाच्या अंगाला घासली. दिसायला ओरखडासुद्धा नव्हता. याने जाऊन सांगितले. इंजिनियर आले, त्यांनी बॅटरी मारून पाहिले, हात फिरवून पाहिले, विमान जायला हरकत नाही म्हणाले. पण तेवढ्यात खोळंबा व्हायचा तो झाला. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या कचेरीतून निरोप आला : घरी बस, आणि यायचे असेल तर माफीचा अर्ज घेऊन ये.

तो माझ्याकडे आला. "सर, तुमची भाषा चांगली आहे."

आपल्या भाषेचे कौतुक झाले की माझे भान सुटते. मी कोरा कागद घेतला आणि दहा मिनिटांत एक उत्कृष्ट अर्ज लिहून दिला. 'माझ्या हातून घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही, याची हमी देतो.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

रात्री मी अभिमानाने त्याची प्रत तात्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "मास्तर, 'असे' म्हणजे कसे? काय होणार नाही? धक्का लागणार नाही, की लागला तर सांगणार नाही?"

सर्वनामाला पूर्वपद हवे, हे मी दरवर्षी शिकवतो.

मग त्यांनी सिअ‍ॅटलची आणखी एक गोष्ट काढली. 2005 साली अलास्का एअरलाइन्सने तिथली आपली साडेचारशेहून अधिक माणसे, सगळी युनियनची, कमी केली आणि सामान चढवायचे काम कंत्राटाने दिले. त्याच वर्षी 26 डिसेंबरला त्यांचे एक विमान सुमारे 26,000 फुटांवर असताना आतला हवेचा दाब गेला. वैमानिकाने ते सुखरूप माघारी आणले. खाली पाहतात तो अंगाला फूटभर लांबीचे भोक! जमिनीवर असताना सामानाच्या गाडीचा धक्का लागला होता, आणि ज्याच्या हातून तो लागला त्याने सांगितले नव्हते.

"का नाही सांगितलं?" मी विचारले.

"त्याला कोणीतरी चांगला अर्ज लिहून दिला असेल," तात्या म्हणाले.

मी चिडलो. म्हटले, पोराने उपाशी मरायचे काय? 2024 च्या जुलैत याच विमानतळावरच्या सुमारे दोन हजार जागांसाठी कलिन्याला पंचवीस हजारांवर पोरे लोटली. चेंगराचेंगरी व्हायचीच बाकी राहिली. एकाने तोंड उघडले तर त्याच्या जागी उभे राहायला दहा जण तयार. युनियन युनियन म्हणता, तुमच्या युनियनने कंत्राटी पोरांसाठी काय केले?

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काही नाही. कंत्राट आलं तेव्हा आम्ही आमच्या कायम नोकऱ्या वाचवल्या. ती पोरं सभेच्या दाराशी येऊन उभी राहायची. आम्ही त्यांना आत बोलावलं नाही."

जरा वेळाने ते आत गेले आणि एक कात्रण घेऊन आले. ऑस्ट्रेलियात 2020 साली, करोनाच्या आरंभी, चीनहून आलेली विमाने साफ करणाऱ्या सोबत्यांना एका सुरक्षा-प्रतिनिधीने धोक्याची सूचना दिली. क्वांटासच्या उपकंपनीने त्याला कामावरून दूर केले. 2024 मध्ये कोर्टाने त्या कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला. "तिथं कायदा होता आणि पाठीशी युनियन होती," तात्या म्हणाले, आणि कात्रण माझ्या हातात ठेवले.

त्या रात्री मी दुसरा मसुदा केला. 'धक्का लागताच मी स्वतः तो तत्काळ कळवला; अशी माहिती देणे हे माझे कर्तव्य आहे.' भाषा पहिल्याइतकी गोंडस नव्हती. सकाळी मी तो त्याला दिला. त्याने दोनदा वाचला आणि नीट घडी घालून वहीत ठेवला.

"सर, पहिला मी कालच देऊन आलो. घेतलं त्यांनी परत. आज रात्रीपासून."

त्यानंतर तो वर्गात झोपला की मी त्याला उठवीत नसे. माझ्या हातून तेवढेच झाले. परीक्षा झाल्यावर एकदा स्टेशनच्या पुलावर भेटला. थोडा वाळला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी विचारलेच, "काय रे, आता कधी पट्टा लागला विमानाला, तर सांगतोस ना?"

वरून एक विमान जात होते. सवयीने आम्ही दोघेही थांबलो. ते गेल्यावर तो म्हणाला, "आता मी पट्ट्याजवळ जातच नाही, सर. मागून घेतलं, आतलं काम. होल्डमधून बाहेरचं काही दिसत नाही."