चार दारांची डबी

कुलुपाची परीक्षा आपण नेहमी एकाच अंगाने घेतो. लावले की दोनदा ओढून पाहतो आणि निश्चिंत मनाने जिना उतरतो. ते उघडते की नाही हे आधी पाहून ठेवणारा मनुष्य काही माझ्या पाहण्यात नाही. उघडणे हाही कुलुपाच्या कर्तव्याचाच भाग आहे, हे मला कळले ते आमच्या जुन्या मोटारीमुळे.

या मोटारीला मागाहून बसवून घेतलेली एक सोय आहे. चालकाच्या दाराची खुंटी दाबली की उरलेल्या तीन दारांच्या खुंट्याही खाली पडतात आणि ती वर आली की बाकीच्याही वर येतात. गेल्या वैशाखात यातला अर्धाच भाग शिल्लक राहिला. दारे बंद व्हायची, अगदी पूर्वीच्याच तत्परतेने. पण किल्ली फिरवली की उघडायचे ते फक्त माझे दार. बाकीची तिन्ही आपली ढिम्म.

एरवी मी या गोष्टीचे हसू केले असते. पण मागच्या बाजूला आई बसते. ती ८१ वर्षांची आहे आणि संधिवाताने तिची बोटे अशी वळली आहेत की काचेजवळची ती खुंटी चिमटीत धरून वर ओढणे तिला शक्य नाही. दवाखान्याच्या पायरीशी गाडी उभी, मागून भोंगे, पहारेकऱ्याची शिटी, आणि मी पुढल्या आसनावर गुडघे टेकून मागल्या दाराशी हात पोचवते आहे. फार तर दोन मिनिटे गेली असतील. आई एवढेच म्हणाली, “मला कोंडलंस की काय गं?” त्यानंतर तिने गाडीत बसणे सोडले. “रिक्षा बरी. तिला दारच नाही.” आणि रिक्षाचे धक्के तिच्या पाठीला सोसत नसल्यामुळे दर गुरुवारी मावशीकडे जाणेही हळूहळू थांबले.

गॅरेजवाल्याने डॅशबोर्डाखाली डोके घालून काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी काढली. हिचे नाव मॉड्यूल. “बदलून टाका ताई, ही दुरुस्त कोणी करत नाही,” असे तो म्हणाला. नवी डबी महाग नव्हती. पण तिचा खुंट जुन्या तारांना बसत नव्हता, आणि चांगल्या तारा कापून गाठी मारायच्या या कल्पनेने माझ्या जिवावर आले. डबी पर्समध्ये टाकून मी पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या सुट्या भागांची दुकाने आहेत तिकडे गेले. तिथल्या एका बोळात पूर्वी ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ अजून बसतात.

त्यांनी डबी उघडली आणि मला समजावूनही सांगितले. (जाणत्या कारागिराला श्रोता मिळाला की त्याचे हात अधिक नीट चालतात, असा माझा अनुभव आहे.) आत दोन रिले होते, एक मिटण्याचा आणि एक उघडण्याचा. रिले म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि शेजारी एक लोखंडी पट्टी. वेटोळ्यातून जेमतेम दशांश अँपिअर वीज गेली की त्याचे लोहचुंबक होते, पट्टी खेचली जाते, आणि दारांतल्या मोटरींना लागणारा कितीतरी पट मोठा प्रवाह तिच्या टोकाशी जोडला जातो. पहिला रिले ओढला की खुंट्या खाली. दुसरा ओढला की तोच प्रवाह उलट्या वाटेने जातो आणि खुंट्या वर. सारा खेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

रिले हा शब्द मुळात शिकारी कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या जगातला. दमलेल्या घोड्याचे काम टप्प्यावर ताजा घोडा उचलतो, ते रिले. १८३५ च्या सुमारास जोसेफ हेन्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने हीच युक्ती विजेला शिकवली, आणि पुढे तारायंत्राने ती उचलली. लांबून थकत आलेला प्रवाह टप्प्यावर नवी बॅटरी जोडून द्यायचा आणि निरोप पुढे जायचा. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचा हा टप्प्याचा घोडा मात्र आमच्या मोटारीत, पायाशी अंधारात उभा होता.

त्या गृहस्थांनी डबीला बारा व्होल्टची वीज दिली. एक तार टेकवताच डावा रिले ‘टक्’ असे बोलला. दुसरी टेकवली, उजवा गप्प. मग पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी उजव्याला हलकेच दाबले, आणि तोही बोलला! “हा मेलेला नाही ताई, सुटलेला आहे.” भिंगातून त्यांनी मला पाटीची मागली बाजू दाखवली. रिलेच्या पायाभोवतीच्या डागात केसाएवढी गोल चीर होती, चंद्राभोवती खळे पडते तशी. पाटीवर सर्वांत जड वस्तू हा रिलेच. रस्त्याचे हादरे त्यालाच अधिक बसतात. शिवाय उन्हात तांबे, कथील आणि प्लॅस्टिक प्रत्येक आपापल्या मापाने फुगते आणि रात्री आपापल्या मापाने आकसते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत मधला डाग तुटतो.

त्यांनी जुना डाग वितळवून शोषून घेतला, पाय खरवडून स्वच्छ केला, राळ लावली आणि कथील-शिशाचा नवा डाग दिला. राळेचा वास बोळभर पसरला. डाव्या रिलेच्या पायांनाही त्यांनी न सांगता नवे डाग दिले. “तोही त्याच रस्त्याने गेलाय ना?” मी पैसे विचारले तर आकडा इतका लहान की नोटेची मोड मिळेना.

संध्याकाळी डबी जागेवर बसली. आई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिने मला बारा वेळा दारे लावायला आणि उघडायला लावली आणि प्रत्येक ‘टक्’ बोटांवर मोजला. “मागच्या दाराचा आवाज जरा उशिरा येतो गं,” असे तिचे मत पडले. गुरुवारी आम्ही मावशीकडे गेलो. काच मात्र तिने चार बोटे खाली ठेवायला लावली.