चौथ्या मजल्यावरची मुले

गेल्या वर्षी माझ्या भाचीला जर्मनीत श्टुटगार्टला एम.एस.साठी प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या घरात पंधरा दिवस एकच आकडा फिरत होता : ११,९०४ युरो. विद्यार्थी व्हिसा हवा तर एवढी रक्कम आधी एका खात्यात अडकवून ठेवावी लागते. तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. त्या वेळच्या दराने हे जवळजवळ ११ लाख रुपये झाले. बहिणीने सोने मोडले, मेहुण्यांनी पी.एफ.मधून उचल घेतली. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते, असे ऐकून आम्ही खूश होतो. पण श्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे, ते युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सहामाहीला १,५०० युरो घेते. शिवाय आरोग्य विमा, खोलीचे भाडे, प्रवासाचा पास. ९९२ युरोंत हे सगळे बसवायचे.

हा हिशेब माझ्याच घरी, माझ्याच टेबलावर चालला होता. आणि मला राहून राहून आमच्या चौथ्या मजल्याची आठवण येत होती.

कोंढव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, की परदेशी विद्यार्थी म्हणजे काही नवल नव्हे. आमचे अब्बा, म्हणजे सासरे, सांगतात की सत्तरच्या दशकात कॅम्पात इराणी मुले दिसत. पुढे येमेन, इराक, सुदान, सोमालिया, अफगाणिस्तानातून मुले येत राहिली. पुण्यातली कॉलेजे इंग्रजीतून शिकवतात, युरोपच्या मानाने खर्च कमी आणि जुम्याला मशीद, हलाल जेवण शोधत फिरावे लागत नाही. म्हणून कोंढवा, एनआयबीएम रस्ता, साळुंके विहार इथे त्यांची वस्ती झाली. आता तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही अरबीत एक ते शंभर मोजता येते.

चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट अब्बांचा. २०२२ च्या जुलैत तो चार सुदानी मुलांना दिला. त्याआधी तिथे पुण्यातलेच एक कुटुंब होते. भाडे १६ हजार, अनामत ५० हजार. मुलांना सांगितले २० हजार भाडे आणि १ लाख अनामत. एजंटाने एक भाडे घेतले ते वेगळे. हा आकडा अब्बांनी नव्हे, मी सुचवला होता. "परदेशी आहेत, उद्या निघून गेले तर कुठे शोधणार?" असे मीच म्हटले होते. मुलांनी घासाघीस केली नाही. त्याआधी त्यांनी अकरा घरे पाहिली होती, हे मला पुढे कळले.

माझा त्यांच्याशी परिचय झाला तो गच्चीवर. एके सकाळी आमच्या कुरडयांच्या शेजारी कुणीतरी भेंडीच्या चकत्या चादरीवर पसरून ठेवल्या होत्या. सासूबाईंना आश्चर्य वाटले. भेंडी कोण वाळवते? तर सुदानमध्ये वाळलेल्या भेंडीची पूड करून ती मटणाच्या रश्श्यात घालतात, त्याने रस्सा दाट होतो. त्यांची न्याहारी म्हणजे ‘फूल’, आपल्या वालासारख्या मोठ्या दाण्याची उसळ. त्याचे डबे कोंढव्यात मिळतात, पण रोज परवडत नाहीत. म्हणून ही मुले राजमा शिजवून त्यावर कच्चे तेल आणि जिरे घालून तेच फूल समजून खात.

फ्रिजवर एक वही अडकवलेली असे. मजकूर अरबीत. आकडे मात्र मी उर्दूची शिक्षिका असल्याने मला वाचता येत. त्यांचा चार आणि सहा आपल्यापेक्षा जरा वेगळा, एवढेच. माणशी भाडे ५,०००. जेवण साधारण तेवढेच. वीज, इंटरनेट, पाच किलोचा छोटा सिलिंडर, बस. महिन्याला माणशी १४–१५ हजारांत ते भागवत. भांडी, खुर्च्या, एक टेबल जुन्या बाजारातून बुधवारी आणलेले. पुस्तके अप्पा बळवंत चौकातून, तीही वापरलेली. आपल्या मुलांसारखेच म्हणायचे. फरक फीमध्ये. परदेशी विद्यार्थ्यांची फी आपल्या मुलांच्या कित्येक पट असते आणि बऱ्याच ठिकाणी डॉलरमध्ये मागतात. त्यात भारताच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. जर्मनीत माझी भाची वर्षाला १४० दिवस काम करू शकते, एखाद्या बेकरीत उभी राहून महिन्याचे भाडे काढू शकते. चौथ्या मजल्यावरच्या मुलांना शिकवणी घेऊनही चार पैसे मिळवायची मुभा नव्हती. घरून पैसे आले तर चूल पेटणार.

२०२३ चा रमजान. शेवटचा अशरा चालू होता. १५ एप्रिलला खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद पडला. चौघांपैकी तिघांची घरे खार्तूममध्ये, एकाचे नाईलपलीकडे ओमदुरमानला. त्या संध्याकाळी मी इफ्तारीचे ताट घेऊन वर गेले, तर चौघे मोबाइलकडे बघत बसले होते, रोजा सोडायचेही भान नव्हते. समोर लाल सरबताचा जग तसाच. ते ‘करकदे’ म्हणतात, पण ते असते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे. त्यांच्यातला सर्वांत लहान मला म्हणाला, "टीचर, अम्मी फोन उचलत नाही."

आठवडाभराने ईद झाली. त्याच सुमारास आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ सुरू करून सुदानमध्ये अडकलेल्या साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना जेद्दाहमार्गे परत आणले. एक विमान मुंबईलाही उतरले. टीव्हीवर ती सुटलेली माणसे बघून आमच्या घरात सगळ्यांना बरे वाटले. वरच्या मजल्यावर तीच बातमी बघत होते, पण त्यांना न्यायला कुठलेच विमान येणार नव्हते. आणि आले असते तरी नेणार कुठे?

मेचे भाडे आले नाही. खार्तूममधल्या बँका बंद होत्या, पैसे पाठवणार कोण आणि कुठून? जूनमध्ये करार संपत होता. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी घरमालक नसलेल्यांना सहसा ठाऊक नसते. त्या वेळी परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरायचा असे. व्हिसा सहा महिन्यांहून मोठा असेल तर विद्यार्थ्याने चौदा दिवसांत पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचे. पुढे मुदत वाढवताना कॉलेजच्या दाखल्याबरोबर राहत्या घराचा नोंदणीकृत करार लागतो. म्हणजे आम्ही करार वाढवला नाही, तर नुसते घर जाणार नव्हते, त्यांचा इथला मुक्कामच बेकायदा ठरणार होता. आमच्या एका सहीवर हे सगळे टांगलेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

घरात मतभेद झाले. दिराचे म्हणणे, एजंटाकडे दुसरे भाडेकरू तयार आहेत, बावीस हजार देतील. अब्बा गप्प. त्यांच्या औषधांचा खर्च त्या भाड्यातून निघतो, हेही खरे. सासूबाई शिकलेल्या नाहीत, हिशेबात कधी पडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, "त्यांचे लाख रुपये आपल्याकडे आहेत ना? मग थकले काय?" कुणालाच उत्तर सुचले नाही. जी रक्कम मी त्यांच्यावर अविश्वास म्हणून मागितली होती, तीच आता त्यांच्या कामी आली.

अब्बांनी करार वाढवला. भाडे पुन्हा १६ हजार केले, मेपासूनचे भाडे अनामतीतून वळते करायचे ठरले. पण अब्बा जुने टेल्कोवाले, तोंडी व्यवहार त्यांना मान्य नाही. सगळे कागदावर लिहून चौघांच्या सह्या घेतल्या, स्वतःही केली. सप्टेंबरपासून एकाचा भाऊ रियाधहून थोडे थोडे पाठवू लागला. मधल्या काळात मशिदीतल्या काही लोकांनी रेशन भरले, कॉलेजने एकाला फीचे हप्ते पाडून दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. त्याचे एक सत्र वाया गेले. ते भरून निघाले नाही.

धाकट्याच्या अम्मीचा फोन मे अखेरीस लागला. सगळे कैरोला पोहोचले होते, बसने, सहा दिवसांत. तो बी.फार्म. पूर्ण करून गेल्या जूनमध्ये कैरोलाच गेला. जाताना सासूबाईंना भेंडीच्या पुडीची बरणी देऊन गेला. आम्ही ती डाळीत घालून संपवली. मटणाच्या रश्श्यात घालायचे धाडस कुणी केले नाही.

भाची श्टुटगार्टला पोहोचली ऑक्टोबरमध्ये. महिनाभर ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपली. तिथे खोल्यांची टंचाई भयंकर आहे, विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक. ती फोनवर रडत सांगायची, "मावशी, ईमेलला उत्तर येतं, पण नाव कळलं की खोली गेलेली असते." बहीण म्हणाली, काय ही माणसे! मी हं म्हटले, पण मला अकरा घरे आठवत होती.

शेवटी एका विधवा बाईंनी आपल्या घरातली खोली दिली. महिना ४८० युरो. भाचीने हौसेने करार वाचून दाखवला. अब्बा जवळच बसले होते. तिथे म्हणे कायद्यानेच घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही, आणि तीही तीन हप्त्यांत देता येते.

"तीनच महिने?" अब्बांनी विचारले.

मी बोटांवर मोजले. आम्ही पाच घेतले होते.

चौथ्या मजल्यावर आता या महिन्यात दोन येमेनी मुले आणि एक सोमाली मुलगा येणार आहेत. एजंटाचा फोन आला होता, अनामत किती सांगू म्हणून. अब्बा म्हणाले, सुनेला विचारून सांगतो.