बाळंभटदादांचा खांब

दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाळंभटदादा देवधर पेशव्यांना व्यायाम शिकवत. आजच्या भाषेत ते पेशव्यांचे खासगी प्रशिक्षकच. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले, त्यांनी आव्हान दिले आणि भल्याभल्यांनी माघार घेतली तेव्हा बाळंभटदादांनी ते स्वीकारले, अशी कथा आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांनी साधना केली, तिथे मारुतीने वानररूपात झाडावर खेळ करून दाखवला, तेच डाव त्यांनी लाकडी खांबावर घोटले, आणि परतल्यावर अलीला चीत केले. गुलाब मग आखाड्यात उतरलाच नाही.

कथेतला वानर सगळ्यांच्या लक्षात राहतो, वस्ताद मात्र मागे पडतो. कुस्तीच्या सरावासाठी खांब वापरण्याची रीत त्यांच्या फार आधीची आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. बाळंभटदादांचे खरे श्रेय खांब शोधून काढण्यात नसून त्यावरच्या पकडींना क्रम लावून माणूस तयार करण्याची पद्धत बसवण्यात आहे. जोडीदार दमतो, चिडतो, कधी मुद्दाम सैल सोडतो. खांब यातले काहीच करत नाही. त्याच्याशी झुंजताना पेलायचे असते ते स्वतःचेच वजन.

हा खांब म्हणजेच मलखांब. जमिनीत पुरलेला मलखांब सागवानी किंवा शिसवी असतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला. अंग, मान आणि टोकाचे बोंड असे त्याचे भाग. त्याला एरंडेल लावतात. ते कमी पडले तर कातडी सोलवटते, जास्त झाले तर पकड सुटते; नेमके किती लावायचे हे नव्या मुलाला मांडीची आग झाल्यावरच कळते.

शिक्षण सुरू होते ते साध्या अढीने. खांबाला हातांनी मिठी मारायची, पाय डोक्यावरून वर न्यायचे आणि उलटे होऊन मांड्यांमध्ये खांब धरायचा. बघायला सोपी वाटते, पण पहिल्या दिवसांत पोट आणि कंबर साथ देत नाहीत, पाय अर्ध्यावरूनच खाली येतात. अढी बसली की पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल असे प्रकार येतात. लोखंडी वजनांच्या व्यायामात भार वाढवायला चकत्या घालतात. इथे चकती नाही, म्हणून भार वाढवायचा तो शरीराची ठेवण बदलून: अंग खांबाला चिकटलेले असेल तर पेलायला हलके, तेच खांबापासून आडवे लांबवले की खांद्यावर आणि पोटावर कितीतरी जास्त ताण येतो. शिवाय वजन वाढलेला माणूस वरही चढत नाही, त्यामुळे ताकद वाढवताना अंग हलके ठेवण्याची शिस्त आपोआप लागते. व्यायामशाळेतल्या आरशापुढे फुगवलेल्या दंडांपेक्षा ही कसोटी कडक आहे, आणि जरा निर्दयही.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेले. बाळंभटदादाही त्यांच्याबरोबर गेले. पुढे काशीतही मलखांब रुजला. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, बिठूरलाच मलखांब शिकल्याचे परंपरा सांगते. ही विद्या पोथीतून फारशी गेली नाही; हात धरून, पाय कुठे अडकवायचा ते दाखवून, पडणाऱ्याला खाली झेलून एका पिढीने दुसरीला दिली. बाळंभटदादांच्या शिष्यांपैकी कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव आजही घेतले जाते. बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांच्यानंतर प्रो. माणिकराव यांच्या आखाड्याने देशी व्यायामाची परंपरा पुढे चालवली.

विसाव्या शतकात मुंबईत शिवाजी पार्कचे समर्थ व्यायाम मंदिर हे मलखांबाचे मोठे केंद्र झाले. तिथले उदय देशपांडे यांनी तो परदेशी खेळाडूंपर्यंत नेला. फेब्रुवारी 2019 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली, आणि 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर जायचा दोरीचा मलखांब त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही शिकवला. शिकवताना नजरेचे काम हाताच्या स्पर्शावर आणि तोंडी सूचनांवर सोपवावे लागते, आणि दोर अंगाला कुठे, किती घट्ट लागतो यावरून मुलगी आपली जागा ओळखते.