गॅनेटांच्या गावातला अल्बाट्रॉस

साहित्याच्या अभ्यासकांना अल्बाट्रॉस समुद्रापेक्षा पुस्तकातच अधिक भेटतो. कोलरिजच्या १७९८ मधील दीर्घकवितेने त्याला अपराधाच्या ओझ्याचे प्रतीक केले, तर बोदलेरने त्याच्यात जमिनीवर अवघडलेला कवी पाहिला. आम्ही वर्गात शिकवतो तोही हाच. म्हणून एका खऱ्या अल्बाट्रॉसची हकिगत येथे मांडावीशी वाटते.

काळ्या भुवयांच्या अल्बाट्रॉसचे घर दक्षिण गोलार्धात. त्याच्या सर्वांत मोठ्या वसाहती फॉकलंड बेटांवर. दोन मीटरांहून अधिक पसरणारे त्याचे पंख वाऱ्यावर तरंगण्यासाठी घडलेले असतात. विषुववृत्तालगतच्या शांत पट्ट्यात हा वाराच नसतो. एखादा पक्षी क्वचित तो पट्टा ओलांडून उत्तरेकडे येतो, आणि मग तोच पट्टा त्याच्या परतीच्या वाटेत आडवा येतो.

असा एक पक्षी १८६० पासून फेरो बेटांतील मिकिनेस येथे गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीत राहिला. लोक त्याला गॅनेटांचा राजा म्हणत. १८९४ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. दुसरा १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या बास रॉकवर दिसला. पुढे १९७२ पासून १९९५ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, शेटलंडमधील हर्मनेसच्या कड्यावर येणारा ‘अल्बर्ट’ तोच, असे मानले जाते. तेथे गॅनेटांच्या गर्दीत त्याने घरटे बांधले. जोडीदार मिळाला नाही.

या हकिगतीत एकाकीपणाचे रूपक शोधण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु नोंदींत आहे ते घरटे आणि दर हंगामाचे येणे; एकाकीपण हा आपला अन्वयार्थ.

त्याहून अवघड प्रश्न शब्दाचा आहे. इंग्रजी पक्षिशास्त्र अशा पक्ष्याला ज्या शब्दाने ओळखते, तोच शब्द इंग्लंडच्या १८२४ च्या कायद्यात बेघर, भटक्या माणसांसाठी होता, आणि तेथे तो गुन्ह्याचा शब्द होता. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने तर अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ‘भटका’ या शब्दावरचा संशय त्या दिवशी पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) शिकवताना समोरच्या बाकावर त्याच समाजांतली मुले बसलेली असतात. त्यांच्यासाठी हा शब्द प्रतीक नव्हे, शाळेच्या दाखल्यावरची नोंद आहे.

मग अल्बर्टला मराठीत काय म्हणावे? ‘वाट चुकलेला’ म्हणावे, तर दर हंगामाला तोच कडा त्याला अचूक सापडत होता. ‘आगंतुक’मध्ये यजमानाची नाराजी डोकावते. ‘पाहुणा’ हा शब्द प्रेमळ खरा. पण दोन दशके घरटे राखणाऱ्याला पाहुणा म्हणणे, म्हणजे तुझे घर येथे नाही, हे गोड शब्दांत सांगणेच होय. वर्गात पुढच्या वेळी कोलरिज उघडण्यापूर्वी हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही ठरवले आहे. नेमका शब्द बहुधा त्यांच्यापैकीच कोणाजवळ असेल.