बदकांचे तळे

बदकाला पाण्यावाचून करमत नाही आणि बदकाजवळ पाणी स्वच्छ राहत नाही. परसात बदके पाळणाऱ्याला हे कोडे पहिल्या आठवड्यातच पडते. सकाळी भरलेले नितळ तळे सायंकाळी गढूळ होते. चार दिवसांत त्याला दुर्गंधी सुटते.

मग कोंबड्यांप्रमाणे बदकांनाही कोरड्या अंगणात का ठेवू नये? पाणी ही त्यांची केवळ हौस नव्हे. डोके बुडवण्याइतके पाणी न मिळाल्यास बदकाच्या डोळ्यांत व नाकपुड्यांत घाण साचते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल ते स्नान आटोपल्यावर चोचीने पिसांना चोपडते. हा सोहळा पाहत बसावे असा असतो.

तळे रोज उपसून पुन्हा भरावे, तर कोकणातली विहीर आषाढात काठोकाठ असली, तरी वैशाखात तळ गाठते. घरात पिण्याचे पाणी मोजून वापरले जात असता बदकांसाठी रहाट कोण ओढणार? तेच पाणी पुन्हा शुद्ध करणे, एवढाच मार्ग उरतो.

त्यासाठी काठावर दोन पिंपे पुरतात. लहान पंपाने चढवलेले पाणी पहिल्या पिंपात संथ होते आणि विष्ठा व चिखल तळाशी बसतो. दुसरे पिंप खडीने भरलेले असते. तीतून झिरपून पाणी तळ्यात परतते. उतावळा मनुष्य फसतो तो येथे. पंधरा दिवस झाले तरी वास जात नाही, म्हणून तो खडी काढून लख्ख घासतो, आणि ज्यांनी काम करायचे त्यांनाच धुऊन टाकतो! पाणी शुद्ध करतात ते खडीवर हळूहळू वस्तीला येणारे सूक्ष्म जंतू. विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे ते प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखवले. त्यांची वस्ती जमण्यास कित्येक आठवडे लागतात. शिवाय त्यांना प्राणवायू हवा. म्हणून पंप फार वेळ बंद ठेवून चालत नाही.

नायट्रेट हे वनस्पतींचे अन्न. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ व अळू पोसण्याची कोकणातली रीत जुनीच आहे. पिंपातला गाळही त्यांनाच घालावा.

एवढे करूनही बदके तीन-चारच असावीत. मोठ्या थव्यापुढे खडीही हात टेकते. दाणा तळ्यापासून दूर ठेवावा, हे खरे. पण बदकांना ते पटत नाही. चोचभर दाणे घेऊन ती डुलत डुलत पाण्याकडे धावतात आणि निम्मे तळ्यातच सांडतात.